तीन ड्रॉवरचं टेबल

“दारूची तलफ आली की डोळ्यांसमोर काय आणाल?” समुपदेशक बाईंनी बाबांना विचारलं. बाबांनी डोळे मिटले. सुतारच ते, लाकडाला करवत लावण्याआधी अख्खं कपाट त्यांना दिसतं. “लेकीचं अभ्यासाचं टेबल. तीन ड्रॉवर, कोपरे गोल.” त्यांची बोटं हवेत कड चाचपत होती. बाई खूश झाल्या. “छान. तलफ आली की हेच बघायचं.” माझं डोकं फिरलं. “नऊ वर्षं हेच बघतायत. प्यायले की तर हमखास दिसतं. बारावीपर्यंतचा अभ्यास मी आईच्या शिलाई मशीनवर केला.” बाबांच्या पापण्या हलल्या. “बाबा, डोळे उघडू नका. मी वही उघडली की आईची शिवण थांबायची. पानापानावर मशीनच्या तेलाचे डाग आहेत. बघा.” त्यांची बोटं हवेतच थांबली. “दिसले?” मी विचारलं. “दिसले,” ते पुटपुटले. “मग तलफ आली की तेच बघा.”