मधली ओली आंबापोळी

“आई, यात साखर किती घातलीस?” लेकीने आंबापोळीचं ताट उचलून खालूनही पाहिलं, जणू तिथे लेबल चिकटवलेलं असावं. चार वर्षांच्या नातीला साखर द्यायची नाही, असा तिचा फतवा आहे.

“चिमूटही नाही. रायवळ आंब्याचा आटवलेला रस, ताटाला तुपाचं बोट आणि वरून ऊन.”

“तुझी चिमूट मला माहितेय. तिला द्यायची नाही.”

मी वाद घातला नाही. नात माझ्या हातचं गोड न खाताच परत जाणार, एवढंच टोचलं. ताट गच्चीवर मलमलच्या फडक्याखाली ठेवलं आणि निवांत झोपले. माझा माझ्या पोळीवर विश्वास आहे.

उन्हं कलल्यावर फडकं उचललं. कडा शाबूत, मधला ओला भाग चाटूनपुसून साफ! नात तर माझ्याच कुशीत झोपली होती. आणि अशी चोरी या घरात लहानपणापासून एकटी तिची आईच करत आलीय.

खाली आले. लेकीच्या हनुवटीवर केशरी ओघळ वाळला होता.

“काय गं, झालं लेबल वाचून?”

तिने तोंड पुसलं, तरी हसू राहिलंच. “वाळलेल्या कडा तिला दे,” ती म्हणाली. “मधलं माझं.”