उरलेल्या जागेतला दात

लेकीच्या डेंटल लॅबमध्ये अण्णा पहिल्यांदाच आले होते. दातांच्या कॅप कोरून झालेली पांढरी चकती मशीनमधून निघाली, ती त्यांनी उजेडाकडे धरली. नुसती भोकंच भोकं.

"ही टाकणार?"

"हो. उरलेल्यात कोण जुळवत बसतं?"

जन्मभर शिलाई केलेल्या अण्णांनी चकती फिरवली, कडेशी नख टेकवलं. "इथं अजून एक दात बसेल, तिरपा. तुझे फ्रॉक असेच निघायचे, गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या कापडातून."

लेकीने चकती मशीनमध्ये परत लावली, कॉम्प्युटरवर एक माप उघडलं आणि त्या जागेत तिरपं करून ठेवलं. नेमकं बसलं.

"कुणाचं माप?"

"तुमचं. डॉक्टरांनी घेतलं, पण खर्च ऐकून तुम्हीच परत फिरलात."

अण्णा हसले. तुटका दात झाकायला नेहमीसारखा हात मात्र तोंडाशी गेला नाही.