बारा नंबर

"राखेत सळी नव्हती, साहेब," वेल्डर खिडकीशी वाकून म्हणाला. "पोराच्या डाव्या मांडीत वीतभर पोलादी सळी होती. तुम्ही काढून घेतली का?"

"आम्ही काय भंगाराचं दुकान काढलंय, बाबा?" शवागाराचे शिपाईमामा खेकसले. "सकाळी सीलबंद पिशवी दिली, तुम्ही सही केलीत. वितळली असेल सळी."

"चाळीस वर्षं पोलादात गेली माझी. दाहिनीत नाही वितळत ते." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "विकायला नकोय हो मला. त्याच्या अंगातलं काहीतरी हाताशी राहिलं असतं, एवढंच."

खिडकीमागे कॉम्प्युटरवर बसलेल्या प्रोग्रामर मुलीने हे ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. कारखान्याच्या आगीत एकोणीस माणसं ओळखण्यापलीकडे गेली होती. कोण कुणाचा, हे प्रयोगशाळेने नातेवाइकांच्या रक्तावरून ठरवलं. त्या एकोणीस अहवालांवरून कोणत्या नंबरचा मृतदेह कुणाचा, हे सांगणाऱ्या एकोणीस चिठ्ठ्या छापायचं काम हिच्याकडे आलं. तिने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळी खरडल्या. सगळे म्हणाले, वा, काय हुशार पोरगी!

तिने त्या दहा ओळी पुन्हा उघडल्या. प्रत्येक अहवालाच्या फाइलच्या नावातच मृतदेहाचा नंबर होता, पण तो वाचायचे कष्ट घेतो कोण? पायथनच्या फाइली हाताळणाऱ्या ओएस मॉड्यूलला तिने नुसतं सांगितलं होतं, फोल्डरमधल्या फाइलींची यादी दे. यादीत पहिली येईल ती एक नंबरची, दुसरी येईल ती दोन नंबरची. घरच्या मशीनवर फाइली शहाण्यासारख्या रांगेत आल्या. इथल्या मशीनवर वाटेल तशा आल्या. यादीच्या क्रमाची हमी नाही, हे त्या फंक्शनच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं असतं. तिने ते वाचलंही होतं, आणि चालतंय की म्हणून पुढे गेली होती. क्रम लावून घ्यायला एक शब्द पुरला असता.

तिने शवविच्छेदनाचे कागद उपसले. सात नंबर : डाव्या मांडीत धातूची सळी. सात नंबर अजून आत कप्प्यात होता. वेल्डरला सकाळी दिला तो बारा नंबर. तिने बाराचा खरा अहवाल उघडला, त्यातलं नाव वाचलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. त्या माणसाची बायको परवापासून बाहेरच्या बाकावर बसून होती. आपल्या नवऱ्याचा नंबर कधी लागतो, म्हणून.

शवागाराच्या मोठ्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लावलं. "किती गेले?"

"सकाळपासून चार, सर. चौघांचंही उरकलं."

"उरलेल्या पंधरा चिठ्ठ्या गुपचूप बदल. त्या म्हाताऱ्याला सांग, सळी आम्हीच काढली होती. एखादी शोधून दे."

"आणि बाकीचे तिघं?"

"त्यांच्या माणसांत सळ्या नव्हत्या," डॉक्टर म्हणाले. "त्यांना कळणार कसं?"

ती उठली. नोकरी जाईल, पोलीस येतील, आई काय म्हणेल, सगळं डोक्यात घोंघावत होतं, तरी तिने दार उघडलं आणि बाहेर आली.

"बाबा, चूक माझी आहे. तुमचा मुलगा इथेच आहे."

वेल्डरने तिचा दंड घट्ट धरला. "जिवंत?"

असलं काही तो विचारील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. "नाही हो, बाबा. आत. सात नंबरच्या कप्प्यात."

त्याने दंड सोडला. मग हळूच म्हणाला, "मग सकाळी मी कुणाला लावली आग?"

तिने बाकाकडे पाहिलं. तेवढ्यानेच बाकावरच्या बाईला सगळं कळलं. मामा पाण्याचा पेला घेऊन धावले. बाईने तो बाजूला सारला आणि भिंतीला धरत धरत वेल्डरसमोर येऊन उभी राहिली. आता ही त्याच्या अंगावर धावून जाणार, असं वाटून मामा मध्ये पडायला निघाले.

"बाबा," बाईने विचारलं, "त्यांच्याजवळ कुणी रडलं का हो?"

"खूप रडलो, पोरी," वेल्डर म्हणाला.