दोन ढालींची अळी

बाळांनो, तांदळाच्या दाण्याएवढी एक अळी डोळ्यांसमोर आणा. ती ओढ्याच्या तळाशी राहते, वाळूचे कण नाहीतर पानांचे तुकडे चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि पुढे पंख फुटून कॅडिसमाशी होते. टिकली नावाच्या मुलीची मावशी ओढ्याचं पाणी तपासायचं काम करायची. तिच्या टेबलावर अशा अळ्यांच्या, स्पिरिटने भरलेल्या दोन बाटल्या होत्या. एक कारखान्याच्या वरच्या अंगाच्या ओढ्यातली, दुसरी खालच्या अंगाची.

मावशीने मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. “हे कसं गं? काल वरच्या बाटलीत सगळ्या दोन ढालींच्या होत्या, खालच्यात सगळ्या एका ढालीच्या. आज दोन्हीकडे सरमिसळ!”

टिकलीने बाटल्यांकडे पाहिलं. सकाळी तिचा कोपर लागून दोन्ही बाटल्या ट्रेमध्ये लवंडल्या होत्या. तिने चिमट्याने अळ्या पटापट परत भरल्या होत्या. वाळूची घरं एकीत, पानांची दुसरीत. वर स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली होती.

“मावशी, वाळूच्या घरातली जात वेगळी आणि पानांच्या घरातली वेगळी, हो ना?”

“छे! या दोघी मिळेल त्याचं घर बांधतात. ओळखायचं पाठीवरून. डोक्यामागे तपकिरी ढाली किती, ते मोजायचं. ये, तू बघ.”

टिकलीने डोळा लावला. वाळूच्या घरातून डोकावणारी एक अळी, तिला दोन ढाली. शेजारी तसंच घर, तशीच अळी, आणि ढाल एकच. टिकलीचे कान तापले.

“एकीला दोन. एकीला एक,” ती पुटपुटली.

“मलाही तेच दिसतंय. म्हणजे काल माझंच चुकलं.” मावशी हसली आणि चष्मा काढून पुसू लागली. “वीस वर्षं मोजतेय, टिकले. आता डोळे दगा द्यायला लागले. ऑफिसातल्या साहेबांना सांगते, माझ्या जागी दुसरं कुणी बसवा.”

ती फोनमध्ये नंबर शोधू लागली.

बाटलीत टाकायच्या चिठ्ठ्या कोपऱ्यात होत्या, शेजारी पेन्सिल. स्पिरिटमध्ये शाई फुटते, पेन्सिलीचं लिहिलेलं जात नाही, हे टिकलीला मावशीनेच शिकवलं होतं.

तिने एक चिठ्ठी ओढली. “दोन्ही बाटल्या मी सांडल्या. घरं बघून परत भरल्या,” असं लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि ती भिंगाखाली सरकवली.

“मावशी, फोन करायच्या आधी एवढं एकच बघ,” ती फरशीकडे पाहत म्हणाली.