पंतांची रविवारची नक्कल

"जोडे घालून!" दत्तोपंत पाटावर बसता बसता म्हणाले. "देवासमोर सगळे जोडे घालून. डोक्यावरची टोपी मात्र काढायची. जे काढायचं ते ठेवतात आणि जे ठेवायचं ते काढतात."

वाढता वाढता त्यांची बायको माई हसली. भिंतीशी लाल अलवणात बसलेली अक्का, पंतांची थोरली विधवा बहीण, तीही हसली.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी साहेब लोकांचं एक लहानसं दगडी चर्च होतं. रविवारी महूहून पाद्री विल्मट येत. आधी इंग्रजीतून प्रार्थना, मग देशी ख्रिस्त्यांसाठी मराठीतून; प्रसाद मात्र सगळ्यांना एकत्र. आता त्यांना तिथे मोठी घंटा टांगायची होती आणि त्यासाठी दरबारची परवानगी हवी होती.

कारभारी उदाजीरावांना ती द्यायची नव्हती. पण साहेबाला नाही म्हणायचं तर कारण लागतं.

"चांगल्या घरातलं एक तरी माणूस बाटवलेलं दाखवा, पंत," ते म्हणाले होते. "घंटाच काय, ती मराठी प्रार्थनासुद्धा बंद पाडतो."

पंतांना इंग्रजी येत होतं, म्हणून असं माणूस हेरायचं काम त्यांच्याकडे आलं. दर रविवारी ते मागच्या बाकावर नाक मुरडून बसत. कोपऱ्यात कोणा मेलेल्या कप्तानाच्या नावाची पितळी पाटी होती, तिच्याकडे सगळे आदरानं बघत. कर्नलची मडम बेसूर गाई. धारेहून आलेला इंजिनियर गुडघे टेकून पेंगे. देशी लोकांत कोणी माळी, कोणी खानसामा. पोट भरायला धर्म सोडलेली माणसं, पंत मनात म्हणत, आणि तोंडानं कशी देवाची लाडकी असल्यासारखी गातात.

घरी आल्यावर ते अंगणातच आंघोळ करत, जेवत आणि मग नक्कल सुरू होई. माईचं पांढरं लुगडं झग्यासारखं अंगावर घेऊन, नाकातून, लांबण लावून ते म्हणत, "प्रिय मेंढ्यांनोऽऽ!"

माईला हसून हसून ठसका लागे.

"मग पुढे?" अक्का विचारी.

पुढे पाद्री काय विचारतो, लोक काय उत्तर देतात, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, सगळं पंत करून दाखवत. ऐकणारं असं मन लावून ऐकत असलं की त्यांना चेव चढे.

"आणि गंमत ऐक, अक्का. मागच्या साली मेलेल्या डॉक्टरची विधवा. ती बसते कुठे? पहिल्या बाकावर! टोपीत फुलं खोवून!"

"पहिल्या बाकावर? कोणी उठवत नाही?"

"उठवतील कशाला? पाद्री प्रसाद आधी तिला देतो. ती द्राक्षारसाचा पेला ओठाला लावते आणि त्याच उष्ट्या पेल्यातून मागून साहेब पितो, माळी पितो. शी!"

माईनं तोंड वाकडं केलं. अक्का थोडी पुढे सरकली.

"ते परत करून दाखव रे, दत्तू," ती म्हणाली.

पंतांनी परत करून दाखवलं.

उन्हाळा लागला तसे पंत दाढी करताना चर्चमधली चाल गुणगुणू लागले. माई दचकली. "अहो, हे काय? एक दिवस तुम्हीच बाटाल!"

"तो नाही बाटायचा," अक्का वाती वळत म्हणाली. "त्याचं लक्ष कुठे असतं तिथे?"

आपल्यावरचा हा विश्वास पंतांना आवडला.

ईस्टरच्या आधी चर्चचा चौकीदार फत्तेसिंग त्यांना वाटेत भेटला. "पंडितजी, ईस्टर को जरूर आना. बामण घर की एक बाई बपतिस्मा लेवेगी."

"कौन बाई?"

"नाम तो पादरीसाब जाने, भिया."

पंत तडक उदाजीरावांकडे गेले. उदाजीराव खुशीत येऊन म्हणाले, "मी स्वतः येतो बघायला. आणि दसऱ्याच्या दरबारात या खेपेला तुमची खुर्ची पुढे."

ही बातमी अक्काला सांगायची राहून गेली. ती शेजारणींबरोबर हाटपिपल्याच्या नरसिंहाच्या दर्शनाला निघाली होती. गाडी पंतांनीच ठरवून दिली होती.

ईस्टरला चर्च पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. उदाजीराव पंतांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले. मराठी प्रार्थना सुरू झाली आणि पुढून एक बाई उठून पाण्याच्या दगडी कुंडापाशी गेली. नवं पांढरं पातळ, पदर कपाळाच्याही खाली ओढलेला, पाठ यांच्याकडे.

"कुणाच्या घरची?" उदाजीरावांनी हळूच विचारलं.

"घर असतं तर इथे आली असती का?" पंत हसले. "असेल कुठली तरी टाकलेली. आपल्याला नाव कळलं की झालं."

पाद्रीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाई खालच्या आवाजात, पण न अडखळता उत्तरं देत गेली. कुठे उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, तिला कोणी खुणावावं लागलं नाही. पुढच्या बाकांवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले.

पाद्रीनं तिच्या डोक्यावर पाणी घातलं आणि तिला हात देऊन उठवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाई, तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला वर्षभर शिकवावं लागेल. तुम्हाला तर सगळं येत होतं. कोणी शिकवलं?"

बाईनं ओला पदर मागे सारला आणि लोकांकडे तोंड केलं.

"माझ्या धाकट्या भावानं," अक्का म्हणाली. "तो बघा, मागच्या बाकावर बसलाय."