स्वतःचे दात

सासूबाईंच्या पोटातला अल्सर पुन्हा वाहू लागला होता; दुर्बीण घालून क्लिप लावल्याशिवाय रक्त थांबणार नव्हतं. “आजी, कवळी असेल तर काढा, घशात जाईल,” नर्स म्हणाली. “कवळी असेल तुझ्या आजीला. मी अजून अक्रोड फोडते.” मुलगा कौतुकानं हसला. डॉक्टर नळी घेऊन वाकले तसं सुनेनं नवऱ्याला औषध आणायला पिटाळलं आणि सासूबाईंच्या हनुवटीखाली ओंजळ धरली. “काढा, आई. हे येतील इतक्यात.” “तुला कधीपासून ठाऊक?” “लग्न झाल्यापासून. रोज रात्री वाटीत वाजते ना.” सुनेच्या बोळक्या आईची नक्कल करून चारचौघांना हसवणाऱ्या सासूबाईंनी खालमानेनं रक्ताळलेली कवळी तिच्या ओंजळीत ठेवली. सुनेनं ती पटकन रुमालात गुंडाळली. सासूबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण ओठांतून नुसती हवा आली. “आता बोलू नका, आजी,” डॉक्टर म्हणाले, “तोंड उघडा.”