हरलेल्याचा श्वास

हरलेल्याने निश्चल पडून राहावं, हा युद्धाचा सनातन नियम आहे. ओसाकातल्या एका कचेरीत तो मोडला आणि मिसुझूचं जेवण राहिलं.

मारामारीचा एक जुना व्हिडिओ गेम ती नव्या, लख्ख चित्रांत उतरवत होती. त्यातला इवाकिची नावाचा मल्ल तिचा लहानपणापासूनचा लाडका. हरून पडलेल्या इवाकिचीचं तिने एकच स्थिर चित्र काढलं होतं. पडद्यावर मात्र त्याची छाती वरखाली होत होती.

तिने ते पुसून नव्याने काढलं. छाती हललीच.

"पडलेला हलला तर खेळणाऱ्याला वाटेल, हा उठणार," साहेब किताबाताके म्हणाले. "तुझा लाडका असेल, माझा नाही. संध्याकाळपर्यंत थांबला नाही, तर त्याला गेममधूनच काढून टाकतो."

शेवटी तिने मूळ चित्रकार नागुमोसानांना बोलावलं. निवृत्त म्हातारा आला आणि टोपी काढून पडद्याशी वाकला.

"नागुमोसान, तुमच्या वेळी हा हलत नव्हता ना?"

"श्वास तेव्हाही घ्यायचा की. पडद्यावर चित्राचे ठिपके जाड होते, पोरी. दिसायचं नाही."

किताबाताके खो खो हसले. "म्हणजे मूळबरहुकूमच आहे! राहू दे मग."

मिसुझू हसली नाही. तीही पडद्याशी वाकली होती. इतक्या जवळून तिला आता इवाकिचीचे ओठही हलताना दिसत होते. काय म्हणतोय ते कळण्याइतकं चित्र स्पष्ट नव्हतं.

चौपट स्पष्ट आवृत्तीचं काम सोमवारपासून तिच्याकडेच होतं.